स्वादुपिंडाच्या आजारांवर मिळून अभ्यास: रत्नागिरी-सिंधुदुर्गात वॉर्ड आणि लॅब यांची गाठ कशी घालावी?

वाशिष्ठी_काठ (प्रश्न)

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून चार रुग्णालयं, दोन फिजिशियन, एक सर्जन, आणि घाटावरच्या दोन प्रयोगशाळा (एक जनुकांवर काम करणारी, एक प्रथिनांवर) एवढ्यांची स्वादुपिंडाच्या आजारांवर एकत्र अभ्यास करायची तयारी आहे. डोळ्यांसमोर तीन गट आहेत. एक, तीव्र दाह, म्हणजे अक्यूट पॅन्क्रियाटायटिस. दोन, जुनाट दाह, विशेषतः दारू न पिणाऱ्या तरुणांमधला, ज्यात स्वादुपिंडात खडे होतात आणि पुढे मधुमेह लागतो. तीन, पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह सुरू झालेले लोक, कारण त्यांच्यातल्या काहींमागे स्वादुपिंडाचा कॅन्सर दडलेला असतो.

घोडं पेंड खातंय ते फ्रीझरपाशी. लॅबवाले म्हणतात उणे ऐंशीचा फ्रीझर आला की सुरुवात करू. डॉक्टर म्हणतात आधी काय शोधायचं ते ठरवा. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते, घाटात दरड आली की नमुना अडकतो. तर सुरुवात कशाने करावी, कोणते नमुने इथे खरंच जमतील, फॉर्ममध्ये काय असावं, आणि परवानग्यांचं काय?


केसपेपर

डॉक्टरांचं बरोबर आहे, पण अर्धंच. 'काय शोधायचं' एवढं ठरवून भागत नाही, 'कुणाला रुग्ण म्हणायचं' हे लिहून सगळ्यांनी त्यावर सही करायला हवी. तीन गट एकदम घेऊ नका. दुसरा गट आधी घ्या. जुनाट दाहाचा रुग्ण वर्षानुवर्षं येत राहतो, आज राहिलेला नमुना पुढच्या महिन्यात घेता येतो. अक्यूटमध्ये घड्याळ पाठीशी लागलेलं असतं.

या आजारावर भारतात काम कसं पुढे सरकलं ते बघण्यासारखं आहे. झुइडेमा यांनी १९५९ मध्ये इंडोनेशियातून त्याचं वर्णन केलं, केरळात गीवर्गीज यांनी शेकडो रुग्ण नोंदवले. कित्येक वर्षं टॅपिओकावर संशय होता, त्यातल्या सायनाइड देणाऱ्या घटकामुळे. तो सिद्ध झाला नाही. मग १९९६ मध्ये आनुवंशिक दाहात ट्रिप्सिनोजेनच्या (ट्रिप्सिन या पचनाच्या एन्झाइमच्या कच्च्या रूपाच्या) जनुकातला, पीआरएसएस-१ मधला, बदल सापडला आणि वाटलं की इथेही तोच असेल. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्र) आणि एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी यांनी मिळून पाहिलं तर २००२ मध्ये उत्तर वेगळं आलं: पीआरएसएस-१ नव्हे, स्पिंक-१. स्पिंक-१ हा ट्रिप्सिनला आवर घालणारा, त्यातला एन३४एस हा बदल रुग्णांमध्ये फार जास्त. लॅब आणि रुग्णालयाची ही जोडी जमली कारण एका बाजूला नीट तपासलेले, एकाच व्याख्येत बसणारे रुग्ण होते. व्याख्या सैल असती, दारूचे आणि पित्ताच्या खड्यांचे रुग्ण त्यात मिसळले असते, तर हा फरक पुसट झाला असता.

म्हणून दुसऱ्या गटाची व्याख्या कडक ठेवा: सीटी किंवा साध्या एक्स-रेवर स्वादुपिंडात खडे, किंवा नळी रुंदावलेली आणि विष्ठेतलं इलास्टेज (स्वादुपिंडातून येणारं पचनाचं एन्झाइम) कमी. शिवाय कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन आणि ट्रायग्लिसराइड तपासून बाकीची कारणं बाजूला काढलेली. पॅराथायरॉइडची गाठ नजरेतून निसटली की सगळा गट गढूळ होतो.

दारूचा प्रश्न 'घेता का? हो/नाही' असा विचारू नका. १८० मिलीची एक क्वार्टर, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल. आठवड्याला किती क्वार्टर, किती वर्षं, हे लिहा. माडीचं गणित वेगळं: सकाळी उतरवलेली आणि संध्याकाळपर्यंत आंबलेली यांत अल्कोहोल सारखं नसतं, म्हणून प्रमाणाबरोबर प्यायची वेळही लिहा. दोडामार्ग-सावंतवाडीकडे हुर्राक आणि फेणी (काजूची दारू) वेगळी विचारा. तंबाखूचंही तसंच. 'तंबाखू खाता का?' याला मशेरी लावणारी बाई हमखास 'नाही' म्हणते, तिच्या लेखी ते दात घासणं असतं. मशेरीचा वेगळा रकाना ठेवा. सिगरेट-विडी हा तर जुनाट दाहाचा स्वतंत्र धोका आहे, तो दारूच्या सावलीत लपवू नका.


जांभळं_बूच

लॅबच्या बाजूने. फ्रीझर आधी हा हट्ट चुकीचा, पण त्यामागची भीती खरी आहे: प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव) एकदा बिघडला की तो बिघडला हे बघून कळत नाही, आकडे मात्र येतात. तेव्हा नमुने किती प्रवास सोसतात यावरून वाटणी करा.

सगळ्यांत दणकट म्हणजे डीएनएसाठीचं रक्त. जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत ३ मिली, आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटं-सुलटं, मग ४ अंशांवर. तीन-चार दिवस आरामात टिकतं. त्याला फ्रीझर नको, लशींची नेतात तसली पेटी पुरते. फक्त गोठलेल्या आइसपॅकला नळी थेट टेकवू नका, मध्ये पुठ्ठा किंवा बबल प्लास्टिक घाला. हे चारही रुग्णालयांत पहिल्या दिवसापासून जमेल आणि स्पिंक-१, पीआरएसएस-१, सीटीआरसी या सगळ्या जनुकांची तपासणी यातूनच निघते.

दुसरा दणकट नमुना विष्ठेचा, इलास्टेज-१ साठी. एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली कमी, १०० च्या खाली बरंच कमी. मानवी इलास्टेज ओळखणारी किट असेल तर रुग्ण डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेल्या एन्झाइमच्या गोळ्या घेत असला तरी त्या बंद करायची गरज नाही. चूक होते ती पातळ जुलाबाच्या नमुन्यात: पाण्याने पातळ झाल्यामुळे आकडा खोटा कमी येतो. घट्ट नमुना मिळेपर्यंत थांबा, आणि नमुना कसा होता ते लिहून ठेवा.

सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं त्याची खूण) मधोमध. ईडीटीए नळीत ते सीरमपेक्षा चांगलं टिकतं. त्याच वेळची साखर त्याच्या शेजारी लिहिलेली नसेल तर आकड्याला अर्थ नाही, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) वाढलेलं असेल तर सी-पेप्टाइड फुगून दिसतं.

प्रथिनांचा प्लाझ्मा आणि मायक्रोआरएनए (आरएनएचे अगदी छोटे तुकडे) मात्र लाडावलेले. दोन तासांच्या आत फिरवायचे. आणि कृपा करून प्रोटोकॉलमध्ये 'तीन हजार आरपीएम' असं लिहू नका. रोटरची त्रिज्या १५ सेंटीमीटर असेल तर ३००० फेऱ्यांना सुमारे १५०० जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट ओढ) मिळतात. १० सेंटीमीटर असेल तर जेमतेम १०००. चार रुग्णालयांत चार सेंट्रिफ्यूज, म्हणजे चार प्रकारचा प्लाझ्मा, आणि मग 'रत्नागिरीकरांत अमुक प्रथिन जास्त' असा शोध लागतो! जीमध्ये लिहा: १५०० ते २००० जी, १० मिनिटं. पांढऱ्या थराच्या वर थोडा प्लाझ्मा सोडून द्या, बाकीचा अर्धा-अर्धा मिलीच्या कुप्यांत भरा, म्हणजे एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवावी लागत नाही. लालसर दिसला तर फेकू नका, पण 'लाल' असं लिहा. फुटलेल्या पेशींमुळे मायक्रोआरएनएचे आकडे बिघडतात.

असा प्लाझ्मा फक्त एका ठिकाणी घ्या, जिथे जनरेटर आहे आणि रात्री कुणीतरी जागं असतं. बाकी तिघांना त्यातून सूट.


वाशिष्ठी_काठ

वितळण्यावरून: घरगुती फ्रीझर उणे वीसचा, तात्पुरता चालेल का?





जांभळं_बूच

घरगुती नको, विशेषतः ज्याला बर्फ साचत नाही असा. बर्फ साचू नये म्हणून तो दिवसातून काही वेळा आतून गरम होतो. नमुना प्रत्येक वेळी अर्धवट वितळतो आणि दारावरचा आकडा मात्र उणे वीसच दाखवतो. हाताने बर्फ काढावा लागतो तसला साधा डीप फ्रीझर त्यापेक्षा बरा, तोही काही दिवसांपुरता.

द्रवरूप नायट्रोजन लोक विसरतात. जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात, म्हणजे पशुसंवर्धन विभागाची पुरवठ्याची साखळी जिल्ह्यात आहेच. छोटा कंटेनर घेतला तर वीज गेली तरी नमुना सुरक्षित. दर आठवड्याला पट्टी बुडवून पातळी मोजायची, हवेशीर खोलीत ठेवायचा, झाकण कधीही घट्ट बंद करायचं नाही.

घाट चढवायचा असेल तर ड्राय आइस. जाड थर्माकोलच्या पेटीत दिवसाला दोन ते साडेचार किलो उडून जातो, म्हणून एका दिवसाच्या प्रवासाला दोन दिवसांचा भरा. पेटी चिकटपट्टीने हवाबंद केली तर गॅस साठून फुटते. बंद गाडीत काच थोडी उघडी ठेवायला सांगा, ड्रायव्हरला गुंगी येऊ शकते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाठवूच नका. गणपतीनंतर एकदम पाठवा.

उणे ऐंशीचा फ्रीझर कधी घेतलातच तर समुद्रापासून लांबच्या खोलीत. खाऱ्या हवेने कंडेन्सर गंजतो, आणि खोली गरम असेल तर कॉम्प्रेसर अखंड चालून मरतो. आत स्वतंत्र डेटा लॉगर हवा, फ्रीझरचा स्वतःचा आकडा पुरत नाही.


कंट्रोल_ग्रुप

तिसऱ्या गटावर पाणी ओततो. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघालेले अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका जुन्या अभ्यासात सुमारे ०.८५ टक्के होते. तोच दर धरला तर इथे ३०० लोक गोळा केल्यावर अडीच रुग्ण मिळतील. अडीच रुग्णांवर कोणतीही रक्तचाचणी शोधता येत नाही. अमेरिकेतल्या सरकारी निधीच्या गटाने याच प्रश्नासाठी दहा हजार लोकांचं लक्ष्य धरलं ते उगाच नाही. तुम्ही एवढंच करा: वय, वजनातली घट आणि साखरेची चढण या तीन गोष्टी नीट लिहा. एंडपॅक नावाचा स्कोअर याच तिघांवर चालतो. वजन घटतंय आणि साखर भराभर चढतेय अशाला सीटीला पाठवा. ते संशोधन नव्हे, चांगली ओपीडी झाली.

आता तुलनेचा गट. जुनाट दाहाच्या रुग्णांना तुलना म्हणून रुग्णालयाचा स्टाफ घेऊ नका. एन३४एस निरोगी लोकांतही थोडाफार असतो आणि तो प्रदेशाप्रमाणे बदलतो, म्हणून त्याच तालुक्यातले, त्याच वयाचे निरोगी घ्या. शिवाय मधुमेह आहे पण स्वादुपिंड ठणठणीत आहे असा एक गट हवाच, नाहीतर मधुमेहाचा परिणाम आणि स्वादुपिंडाचा परिणाम वेगळे करता येणार नाहीत.

प्रयोगशाळेला नमुने देताना रुग्ण एका प्लेटवर आणि निरोगी दुसऱ्या प्लेटवर असं करू नका. मिसळा, आणि लॅबला कोण कुठला ते सांगू नका.

सगळ्यांत मोठी गळती वेगळीच आहे. कणकवलीचा माणूस आधी सिंधुदुर्गात दाखवतो, मग बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, मग कोल्हापूर, शेवटी मुलगा मुंबईला नेतो. तो तीन ठिकाणी तीन नावांनी नोंदला जातो: एकदा वडिलांच्या नावासह, एकदा नुसतं आडनाव, एकदा गावाच्या नावाचं आडनाव. रुग्णाची संमती असेल तर चौदा आकडी आभा (सरकारी आरोग्य-ओळख) क्रमांक जोडणीसाठी ठेवा, नसेल तर जन्मवर्ष, आईचं नाव आणि मूळ वाडी. ही जोडणीची यादी एकाच माणसाकडे कुलपात. बाकी सगळीकडे फक्त कोड.

फॉर्म चाळीस रकान्यांचा. चारशेचा केलात तर पहिल्या पंधरवड्यात पूर्ण भरला जाईल आणि नंतर निम्मे रकाने कोरे. रेडकॅप हे नोंदी भरायचं सॉफ्टवेअर शैक्षणिक संस्थांना फुकट मिळतं, नेट नसताना भरायची सोयही आहे.


फिल्मची_पिशवी

सीटीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. पिवळ्या पाकिटातली फिल्म अभ्यासाला निरुपयोगी, तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो तर त्याहून. डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल प्रत) सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर त्याच दिवशी घ्या. सेंटरवाले काही महिन्यांनी जागा रिकामी करतात. फाइलच्या हेडरमध्ये नाव असतं ते पाठवण्याआधी काढावं लागतं.

पद्धत एकच ठरवा. आधी कॉन्ट्रास्टशिवाय एक फेरी, बारीक खडे त्यातच स्वच्छ दिसतात. मग ४० ते ४५ सेकंदांना स्वादुपिंडाची, ७० च्या आसपास पोर्टल शिरेची. प्यायला साधं पाणी द्या. पांढरा कॉन्ट्रास्ट पाजला तर ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) भिंतीजवळचं काही नीट दिसत नाही. काप ३ मिलिमीटरपेक्षा जाड नकोत. रिपोर्टमध्ये 'नळी रुंद' असं नको. किती मिलिमीटर आणि डोक्याशी, मध्यावर की शेपटीशी, ते हवं. दोन रेडिओलॉजिस्टनी एकमेकांचं न बघता वाचावं आणि पहिल्या वीस स्कॅनवर किती जुळलं ते पाहावं. जुळत नसेल तर व्याख्या दुरुस्त करा, माणसं बदलू नका.


सही_अंगठा

परवानग्या. जैववैद्यकीय संशोधन बघणारी एथिक्स कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली हवी. स्वतःची कमिटी नसलेल्या छोट्या रुग्णालयाला दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी लेखी करार करून काम करता येतं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एका मुख्य कमिटीकडून एकत्रित तपासणीला वाव देतात, त्यामुळे चार ठिकाणी चार वेगळ्या दुरुस्त्या टळतात. नमुने घाटावर जाताना हस्तांतराचा करार हवा: किती मिली, कशासाठी, उरलेलं परत की नष्ट. परदेशी भागीदार आला तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं, तो वेळ धरा.

संमतीपत्रात तीन वेगळ्या सह्या ठेवा: या अभ्यासासाठी, पुढच्या अज्ञात अभ्यासासाठी नमुना राखायला, आणि नंतर फोन करायला. एकच मोठी सही घेतली तर माणूस फोनला नाही म्हणतो आणि सगळंच जातं.

जनुकाचा निकाल सांगायचा की नाही हे आधी लिहा. एन३४एस असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. हे न सांगता बहिणीचा रिपोर्ट घरी गेला तर तिच्या लग्नाच्या बोलणीत तो कागद निघतो. डीएनएचा निकाल पोस्टाने पाठवू नका.


वाशिष्ठी_काठ

अक्यूट पूर्ण सोडायचा का? पावसाळ्यात तेच जास्त येतात असं फिजिशियन म्हणतात.


केसपेपर

सोडू नका, पण रक्त साठवायच्या भानगडीत न पडता फक्त नोंदी करा. तीव्र दाहाची व्याख्या सुधारित अटलांटा, २०१२ ची घ्या: पोटातली ठरावीक कळ, रक्तातलं अमायलेज किंवा लायपेज (स्वादुपिंडाची एन्झाइम) वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि स्कॅनवर खूण, या तिन्हींपैकी दोन. प्रत्येक लॅबची वरची मर्यादा वेगळी असते, म्हणून आकडा न लिहिता 'किती पट' लिहा.

आणि 'पावसाळ्यात जास्त' हे आधी तपासा. लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिसच्या तापात) मूत्रपिंड मंदावलं की अमायलेज वाढतं, लायपेजही थोडंफार वाढू शकतं. कळ नाही, स्कॅन साफ, क्रिएटिनिन चार, असा रुग्ण या यादीत नको. लेप्टोत खरा दाहही होतो, म्हणून वगळताना कारण लिहा. विंचूदंशाचाही रकाना ठेवा. त्रिनिदादमधल्या विंचवाने दाह होतो हे जुनं माहीत आहे, आपला लाल विंचू वेगळा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशावरच्या प्राझोसिन या औषधाचं काम १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं, त्याचं बळ रुग्णाशेजारी बसून घेतलेल्या वेळेवार नोंदींत होतं. तीच सवय इथे लागते.

शून्य तास म्हणजे दुखायला लागल्याची वेळ, भरती झाल्याची नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा, यात दीड दिवस सहज जातो, आणि सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) ४८ तासांना बघायचा की ७२, हे शून्यावर ठरतं. घड्याळ सांगता येत नसेल तर 'पहिल्या एसटीच्या आधी की नंतर', 'जेवणं झाल्यावर की आधी' असं विचारा. वाटेत किती सलाइन लागलं, एनएस (नॉर्मल सलाइन) की आरएल (रिंगर लॅक्टेट), तेही रेफरल चिठ्ठीवरून उतरवा. तीव्र दाहात सलाइन किती वेगाने द्यायचं हे पाहणाऱ्या २०२२ च्या वॉटरफॉल चाचणीत भराभर आरएल दिलेल्यांपैकी २०.५ टक्क्यांच्या अंगात पाणी साचलं, बेताने दिलेल्यांत ६.३ टक्के, सुरक्षेसाठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. भारतातली केंद्रंही त्यात होती. द्रवाचा हिशेब नसेल तर तुमचे रुग्ण कुणाशीच ताडता येणार नाहीत.

सीटीची घाई पहिल्या दिवशी नको. निदान पक्कं असेल तर तीन-चार दिवसांनी काढा, आधी काढलेल्यात मेलेला भाग कमी दिसतो.


जांभळं_बूच

आणखी दोन गोष्टी. एक, डॉक्टरांना लॅबकडून काहीतरी परत मिळायला हवं, नाहीतर सहा महिन्यांत नळ्या येणं बंद होतं. इलास्टेजचा रिपोर्ट चार आठवड्यांत रुग्णाच्या केसपेपरवर, फुकट. त्यावरून एन्झाइमच्या गोळ्या द्यायच्या का ते ठरतं, रुग्णाचं वजन वाढतं, तो परत येतो. लेखात नाव कुणाचं कुठे हेही पहिल्या नळीआधी लिहून टाका.

दोन, भावंडांचं रक्त. दुसऱ्या गटात घरातल्यांचे नमुने सोन्यासारखे, पण अर्धं घर मुंबईला असतं. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला येतात. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, परतीच्या गाड्या सुटायच्या आत, वाडीवर जाऊन एकदम घ्या. उपाशीपोटीची अट घालू नका, डीएनएला लागत नाही. आणि नळीवर साध्या बॉलपेनने लिहू नका, पेटीतल्या ओलाव्याने पुसतं; थर्मल प्रिंटरचं लेबल आडवं न गुंडाळता उभं लावा, नाहीतर बारकोड गोल फिरतो आणि स्कॅनर वाचत नाही.